कच्च्या टाक्यावरच्या बाह्या

बायको गेल्याला सात महिने झाले होते. भिंतींना रंग द्यायचा म्हणून काटेवाल्यांनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि ती हाताला हलकी लागली.

उभा जन्म दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला होता. बाजारात त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. पावशेराचा फरक त्यांचा हात झोपेतही सांगेल. त्यांनी पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलून बघितली. मग उघडली. वर डांबराच्या गोळ्या, खाली घडी घातलेली जुनी चादर. बायकोचा लग्नातला मोतिया रेशमाचा पायघोळ पोशाख नव्हता.

बाहेरचा चोर कपडा नेईल, पण पेटी हलकी लागू नये म्हणून आत चादर कशाला घालेल? हे घरातल्याच माणसाचं काम. काटेवाल्यांचा हात माहीत असलेल्या माणसाचं. आणि घरात माणसं ती किती? मुलगा नोकरीपायी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. उरली सून.

त्यांना गेल्या वर्षीचं आठवलं. पोशाख ऊन दाखवायला बाहेर काढला होता, तेव्हा सून म्हणाली होती, "आई, नुसताच पडून राहिलाय हो. याचं आखूड जॅकेट काय झोकदार होईल." बायको हसली होती. ते हसले नव्हते. "त्याला कात्री लागणार नाही," एवढंच म्हणाले होते.

दोन दिवस त्यांनी तिच्यावर नजर ठेवली. सून बाहेर जाताना हातात पिशवी आहे का, फोनवर आवाज खाली का करते, सगळं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी चहा देताना तीच म्हणाली, "बाबा, माझं काही चुकलं का? दोन दिवस बघताय माझ्याकडे, दुकानदाराच्या काट्याकडे बघायचात तसं."

"काट्यात खोट असली की दुकानदारही आधी चहाच विचारायचा."

"काय ते सरळ सांगा ना."

त्यांनी सरळ सांगितलं. सून तडक वळली. आत गेली, आपलं कपाट सताड उघडलं आणि एकेक कपडा काढून, झटकून पलंगावर टाकायला लागली. पुरे, म्हणायला हवं होतं. ते दारात उभे राहून बघत राहिले. शेवटचा रुमालही झटकून झाल्यावर ती म्हणाली, "झालं समाधान?"

"शिवायला टाकलेला कपडा कपाटात कसा सापडेल?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

सून कपडे शिवायला टाकायची ती शिंपीणबाई गल्लीच्या तोंडाशीच होती. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, "आमचं मोतिया रेशीम तुमच्याकडे आलंय?"

"आलंय की," मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली. "कधीची वाट बघतेय. कोणी फिरकेचना."

पकडली, असं त्यांच्या मनात आलं. "आणून कोणी दिलं?"

"काकूंनी, जायच्या आधी. आणखी कोण देणार?"

तिने खुंटीवरून काढून ते मशीनवर पसरलं. कमरेपर्यंतचं जॅकेट, उभी कॉलर, आतून निळं अस्तर. पोशाखाच्या घेरावरची वेलबुट्टी तिने बरोबर पाठीवर आणली होती. बाह्या मात्र पांढऱ्या दोऱ्याने नुसत्या टाचलेल्या.

"आधी स्वतःसाठीच म्हणाल्या," शिंपीणबाई सांगू लागली. "माप घेतलं. महिन्याने घालून बघितलं तर चार बोटं सैल. सगळं उसवलं, परत टाचलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी टेप काढली, तर माझा हात धरला. म्हणाल्या, राहू दे, आता सुनेच्या मापाचं कर. तिचं माप माझ्या वहीत होतंच. बाही तेवढी तिला विचारून लाव म्हणाल्या, बाहीतलं तिला माझ्यापेक्षा कळतं."

"तिला हे माहीत आहे?"

"नाही. माझं मी सांगीन म्हणाल्या. राहूनच गेलं असेल." तिने जॅकेटवरचा एक दोरा झटकला. "तुम्हाला मात्र कळू द्यायचं नव्हतं. पेटीत चादर घातलीय, पण त्यांच्या हाताचा काही नेम नाही, असं म्हणाल्या आणि कितीतरी वेळ हसत बसल्या."

काटेवाल्यांनी जॅकेट हातावर घेतलं. त्याचं वजन किती, ते त्यांना सांगता आलं नसतं.

घरी आले तेव्हा कपडे पलंगावर तसेच पडले होते आणि सून कडेला बसली होती. दारातूनच त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "शिंपीणबाई बोलावतेय तुला. बाही कशी हवी, विचारायला."

सुनेने एक सदरा उचलला, त्याची घडी घातली. "मला बाहीतलं कळतं, असं आई म्हणाल्या?"

"हो."

"बघू," ती म्हणाली आणि दुसरी घडी घालायला घेतली.

भिंतींचा रंग कधीच वाळला. मुलगा घरी येऊन परत गेला. शिंपीणबाईचा दोनदा निरोप येऊन गेला. जॅकेटच्या बाह्या अजून कच्च्या टाक्यावरच आहेत. आणि माझं चुकलं, हे काटेवाल्यांचं सुनेला सांगायचं राहिलं आहे.