फोरमन आधी बोलले

बीपीची गोळी सुरू झाली आणि दीड महिन्यात वेल्डर भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. शरीर साथच देईना. बायकोला वाटलं, नवऱ्याचं मन उडालं. एकदा तिने विचारलंच, "माझं काही चुकलं का हो?" तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायला जीभ रेटेना. त्याने गुपचूप गोळीच बंद केली.

बाराव्या दिवशी शिडीवर काम करताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कमरेला धरून त्याला खाली उतरवलं ते फोरमननी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, तरी त्यांच्या आवाजाने अख्खा कारखाना चळाचळा कापायचा. त्यांनी वेल्डरला पाण्याच्या टाकीमागे बसवलं आणि हळूच विचारलं, "हल्ली डब्यानंतर बीपीची गोळी घेताना दिसत नाहीस. सोडलीस ना?"

वेल्डर हातमोज्याचा दोरा ओढत बसला.

"बायकोपुढे मान खाली जाते म्हणून?"

वेल्डरचे कान लाल झाले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगतंय कोण! मीही हाच शहाणपणा केला होता. चल, ऊठ."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वेल्डरच्या मुलीहून जेमतेम मोठ्या. "काय होतंय?" असं त्यांनी विचारताच तो "चक्कर येते" एवढंच म्हणाला. तेव्हा फोरमननी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, आधी माझं ऐका. चार वर्षांपूर्वी या गोळीने माझं पुरुषपण गेलं असं मला वाटलं. लाजेपोटी गोळी सोडली नि मरता मरता वाचलो. डॉक्टरांनी गोळी बदलली, तेव्हा संसार रुळावर आला. आता हा बोलेल."

वेल्डर बघतच राहिला. एवढा करारी माणूस, आणि त्याच्यासाठी स्वतःची झाकली मूठ उघडून बसला होता! मग वेल्डरही बोलला, सगळं बोलला.

बाई हसल्या नाहीत की संकोचल्या नाहीत. "कधी गोळीमुळे होतं, कधी वाढलेल्या बीपीमुळेच. गोळी बदलून बघू. पण मनाने बंद करायची नाही."

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "एवढंच? आणि मी इकडे झुरून अर्धी झाले!" आणि तिने त्याला उशीने बडवलं.

दोन महिन्यांत बीपी ताळ्यावर आलं, घरही. बायको कारखान्याच्या फाटकाशी येऊन फोरमनना म्हणाली, "दादा, तुमचे उपकार..."

डॉक्टरांपुढे न डगमगलेले फोरमन कानापर्यंत लाजले. "कसले उपकार, वहिनी! याचं काम बिघडत होतं, म्हणून नेला," असं पुटपुटत ते घाईघाईने आत निघून गेले.