खोक्यावरचा डाग

मिलुंकानं पिशवीतून सोललेलं बीट काढलं, मूठभर अक्रोड काढले आणि विक्रेत्याला न विचारताच ब्लेंडरच्या भांड्यात टाकले.

“अहो बाई, केळ्याबिळ्यांसाठी आहे हे!”

“माझा नवरा काय माकड आहे, रोज केळी खायला? दाब बटण.”

यंत्र घरघरलं, कण्हलं, आणि जळक्या रबराचा वास सुटला. सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या जुन्या सामानाच्या बाजारात रविवारी असे वास येतातच. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

शेजारी उभ्या नवऱ्यानं, तिहोमिरनं, टोपी काढून यंत्राला शेवटचा निरोप दिला. आलुबुखाराच्या झाडावरून पडून त्याचा जबडा मोडला होता. वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले. बोलायचं ते दातांतून, जेवायचं ते नळीतून. ‘रोज घट्ट स्मूदी द्या,’ डॉक्टर म्हणाला. सांगायला त्याच्या बापाचं काय जातंय! पातळ सूप पिऊन पिऊन तिहोमिरची विजार दोरीनं बांधायची वेळ आली होती. मिलुंका आधी शोरूममध्येही जाऊन आली होती. तिथल्या टायवाल्यानं आधी तिच्या बुटांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि म्हणाला, “काकू, तुम्हाला रवी परवडेल.” तिनं त्याच्या आईची अशी काही विचारपूस केली, की तो बिचारा त्याच्या लालभडक टायच्या रंगाचा झाला.

“मग हे बघा.” विक्रेत्यानं टेबलाखालून एक खोकं ओढलं. “कोरं आहे. आतलं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.”

खोक्याच्या कोपऱ्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग होता. मिलुंकानं त्याच्यावर बोट ठेवलं. डाग तिनंच पाडलेला. जुन्या सोनेरी कागदात खोकं गुंडाळल्यावर वरून सुरकुत्या काढायला गेली होती, शहाणी. कागद फाटला, दुसरा आणावा लागला. आणि मग ते खोकं तिनं स्वतःच्या हातानं स्वेतोझारला दिलं होतं, त्याच्या मुलाच्या लग्नात.

स्वेतोझार त्यांचा कूम, मिलुंका त्याची कूमा. त्यांच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, त्यांच्या लेकीला बाप्तिस्म्याला हातात धरलेला. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही.

“कुणी विकलं हे?”

“सकाळीच एक मिशाळ बाबा देऊन गेला. कसला चिवट! एकेका दिनारासाठी भांडला.”

“स्वेतोझार,” तिहोमिर दातांतून म्हणाला.

“आपली भेट! बाजारात! बटाट्यासारखी!”

पण किंमत परवडणारी होती, आणि तिचं बीट-अक्रोड या भांड्यात लोण्यासारखं झालं. दात-ओठ खात मिलुंकानं आपलीच भेट विकत घेतली. दात-ओठ खाणं नवऱ्याला जमत नव्हतं, म्हणून त्याच्या वाटणीचेही तिनंच खाल्ले.

संध्याकाळी स्वेतोझार आजाऱ्याला भेटायला येणार होता. तिनं ब्लेंडर टेबलाच्या मधोमध मांडला आणि रिकामं खोकं समोरच्या खुर्चीवर ठेवलं, डाग दाराकडं करून.

“नको गं,” तिहोमिर म्हणाला.

“तू पी.”

तो प्यायला. पांढरा घेवडा, भाजलेली लाल मिरची, थोडं बीट. डोळे मिटून प्यायला. ग्लास पुढं केला, पुन्हा प्यायला, आणि झाडावरून पडल्यापासूनचा पहिला ढेकर दिला.

“बघ,” मिलुंका हसली. “यंत्र चांगलंय. कूमच नालायक.”

घंटा वाजली. ती दाराशी गेली, काचेतून बाहेर पाहिलं आणि कडीवरचा हात तिनं मागं घेतला. मग पळत आली, ब्लेंडर वायरीसकट उचलून ओव्हनमध्ये कोंबला आणि एप्रनला हात पुसत दार उघडलं.

स्वेतोझारच्या काखेत भलंमोठं खोकं होतं. लाल फीत बांधलेलं, बाजूला ब्लेंडरचं चित्र.

“शोरूमचा आहे!” तो उंबऱ्यातूनच ओरडला. “दगडसुद्धा दळतो म्हणे. तो टायवाला माझ्या बुटांकडं बघत होता. म्हटलं, बूट विकायला नाही आलो, मशीन दाखव!”

“अरे, तुमच्या कारखान्यात पगार थकलेत...” मिलुंका म्हणाली.

“कूमा, कॉफी टाक. बिनसाखरेची.”

मिलुंका कॉफी टाकायला वळली. साखरेचा डबा उघडला, तसाच बंद केला. ज्याची भेट त्याच्याच घरी परत घेऊन जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, हे लेस्कोवात्समध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला नवी वस्तू द्यायची तर जुनी आधी विकावीच लागते. आणि एकेका दिनारासाठी भांडावंही लागतं.

मागं वळली तेव्हा स्वेतोझार रिकाम्या खोक्याच्या खुर्चीसमोर उभा होता; घाईत ते लपवायचं राहूनच गेलं होतं. त्याची नजर डागावर होती. तिहोमिर छताकडं बघत होता. ओव्हनमधून वायरीचं टोक बाहेर लोंबत होतं.

स्वेतोझारनं मिशी चोळली. मग कोट काढला आणि त्या रिकाम्या खोक्यावर टाकला, नीट, चारी कोपरे झाकले जातील असा.

“काय गरम होतंय तुमच्याकडं,” तो म्हणाला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला.

मग आलुबुखाराच्या झाडाची यथेच्छ टिंगल झाली. तिहोमिर तारेतून हसला, दुखलं म्हणून ओरडला, पुन्हा हसला.

स्वेतोझार जायला निघाला तेव्हा बाहेर ऑक्टोबरचं बोचरं वारं सुटलं होतं. तो नुसत्या सदऱ्यात पायऱ्या उतरला; कोट खोक्यावरच राहिला.

“कूम, कोट...” मिलुंका हाक मारणारच होती.

तिहोमिरनं तिचा हात धरला.