फाटक नसलेलं शेत

बायको होती तोवर माझे रविवार ठरलेले होते. ती ग्लायडर उडवायची आणि मी ट्रेलर घेऊन तिला आणायला जायचो.

ग्लायडरला इंजिन नसतं. एक छोटं विमान त्याला दोरीने ओढून वर नेतं आणि सोडून देतं. पुढे वर चढणारी गरम हवा शोधायची आणि घारीसारखे फेरे घेत राहायचं. हवा मिळाली तर माणूस मैदानावर परत येतो, नाही मिळाली तर कुणाच्या तरी शेतात उतरतो. माझी बायको बऱ्याचदा शेतात उतरायची. मग फोन यायचा, "अहो, उतरले. जेवून निघा, घाई नाही." मी न जेवताच निघायचो. ग्लायडरचे पंख काढून ट्रेलरमध्ये भरायचे, शेतमालकाची बोलणी खायची आणि घरी यायचं. ग्लायडर क्लबात उडायला शिकवणारे मास्तर मला 'सारथी' म्हणायचे. एवढ्या वर्षांत मी स्वतः एकदाही वर गेलो नाही. दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवणं हा माझा धंदा. शिडीवर उभा राहतो, पण तिच्या वर माझं काम नाही.

बायको गेली त्याला आता वर्ष होईल. आजार कळला आणि सगळं संपलंच. त्यानंतर मी मैदानावर जाणं सोडलं. लेक मात्र जात राहिली. तिला उडायला शिकवलं ते मास्तरांनीच, तिच्या आईला शिकवलं तसंच.

या लेकीची एका विमान कंपनीच्या शाळेत निवड झाली. दीडेक वर्षाचं शिक्षण, त्यातलं पुष्कळसं खोलीत बसवलेल्या नकली विमानात, आणि तिथून थेट मोठ्या विमानात दुसऱ्या पायलटच्या खुर्चीवर. शाळा फार लांब, म्हणजे घर सोडायचं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इकडे मास्तरांनी तिच्यासाठी दुसरी वाट काढून ठेवली होती. ग्लायडर ओढणाऱ्या विमानाची जागा रिकामी होत होती. ती घ्यावी, क्लबात उडत राहावं, नवख्यांना शिकवावं, आणि चांगली मुरल्यावर हवं तर मोठ्या विमानांकडे वळावं.

रविवारी सकाळी लेक मला जवळजवळ ओढूनच मैदानावर घेऊन गेली. हँगरमध्ये मास्तर पंखावरचे चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसत होते.

"आलात सारथी? समजवा जरा हिला. मायक्रोवेव्हमध्ये शिजायला निघाली आहे. बाहेरून वाफ, आतून गार."

"आणि तुम्ही चुलीवर शिजलात मास्तर, म्हणून कडेने करपलात," लेक म्हणाली.

"खोलीतलं विमान पडलं तर काय होतं गं? दिवे लागतात आणि सगळे चहा प्यायला जातात."

"म्हणून तर ते रोज पाडतात. एक इंजिन बंद कर, दुसरं पेटव, पुन्हा कर. इथे इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते मला कोण शिकवणार? इंजिनच नाही!"

"हवा शिकवते."

"हवा दुपारी शिकवते, ऊन असलं तर. बाकी वेळ आपण खुर्च्या टाकून बसतो."

मास्तरांनी फडकं पिळलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला नव्हता. आपल्या हातचं माणूस निघून चाललं की होतं तसं त्यांचं झालं होतं. ते मला कळत होतं, कारण माझंही तेच झालं होतं.

लेक मला बाहेर घेऊन आली. "बाबा, आई काय म्हणाली असती?"

बायको यावर कधी काही बोलली नव्हती. पण 'थांब म्हणाली असती' एवढं मी म्हटलं असतं, तर लेक थांबली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. लेक गेली की घरात भांड्यांचासुद्धा आवाज होणार नव्हता.

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"मग चल माझ्याबरोबर वर. एकदा बघ आणि मग सांग. तुझं मत घेतल्याशिवाय मी उत्तर देणार नाही."

"माझं डोकं फिरतं."

"फिरू दे. बांधून ठेवते तुला."

आणि खरंच तिने मला पट्ट्यांनी आवळून बांधलं. मला पुढच्या खुर्चीत बसवलं, ती मागच्या. समोर माझे गुडघे, वर काचेचं झाकण, बस. सुटताना ग्लायडर कलू नये म्हणून पंखाचं टोक मी असंख्य वेळा हाताने धरलं होतं. आज ते क्लबातल्या दुसऱ्या कुणीतरी धरलं आणि आम्ही ओढले गेलो. मी डोळे मिटले. खडखडाट झाला, मग तो थांबला, आणि बऱ्याच वेळाने धाडकन काहीतरी सुटलं.

"दोरी सोडली," मागून आवाज आला. "आता उघड डोळे."

मी उघडले.

समोरच्या काचेवर बाहेरून एक लाल लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. तो सरळ राहिला म्हणजे ग्लायडर हवेत सरळ चाललंय. तुटला की तो बदलायचं काम माझं असायचं. जमिनीवर तो धागा मी नेहमी लोंबताना बघितला होता. आता तो ताठ होता आणि थरथरत होता. या यंत्राचा खिळा न् खिळा मला ठाऊक होता, पण ते असं जिवंत होतं हे आजवर ठाऊक नव्हतं.

लेकीने एक पंख खाली घातला आणि आम्ही गोल फिरू लागलो. खुर्चीने मला खालून वर ढकललं, जसं कुणी मोठ्या तळहातावर घेऊन उचलावं. एक यंत्र पिकपिक करायला लागलं.

"ही चढती हवा. बघ, घारीपण आल्या."

एक घार आमच्या पंखाच्या टोकाशेजारी आली. तीही फिरत होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की बघतात तसं. मी हात जोडणार होतो, पण ते बरं दिसलं नसतं. डोकं फिरायचं मी विसरून गेलो होतो. खाली हँगर पत्र्याच्या डबीएवढं झालं, रस्ता दोरा झाला, आणि वर ढग मोठा मोठा होत गेला. त्याचा तळ सपाट होता, करडा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. असं छत कुठल्या मिस्त्रीने घातलं असेल! कडेने धुरासारखी बोटं वळत होती. हवा गार झाली.

"अजून वर?" शेवटी मी विचारलं.

"नाही. ढगात शिरायचं नाही. आत गेलं की वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. त्यासाठी यंत्रं लागतात आणि ते शिक्षण लागतं. आपण इथेच थांबायचं."

"तुझी आई कधी गेली नाही वर?"

"नाही. क्लबातलं कुणीच नाही. आई आयुष्यभर ढगांच्या खाली उडली."

"विमानातून गेलो होतो की आपण. तेव्हा ढग दिसले असतील वरून."

"ते बाजूच्या खिडकीतून, बाबा. मला समोरच्या खिडकीतून बघायचंय."

तिने ते हट्टाने म्हटलं नाही. भूक लागली म्हणावं तसं म्हटलं.

परत फिरायची वेळ झाली तेव्हा मीच म्हणालो, "अजून थोडं. तो पुढचा ढग." लहान मूल पाळण्यात बसून सांगतं तसं. ती हसली आणि गेली पुढे. पण पुढचा ढग पसरला, त्याची सावली सगळ्या रानावर पडली आणि हवा थंडावली. पिकपिक थांबलं. घारी दिसेनात. ती इकडे वळली, तिकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, मैदानावर पोचत नाही आपण. शेतात उतरू."

मी छातीवरचे पट्टे घट्ट धरले. पण तिचा आवाज तोच होता. आणि ती बोलत राहिली. "उजवीकडे धूर दिसतोय, म्हणजे वारा तिकडून. आता शेत निवडतेय. विजेच्या तारा बघतेय. अजून भरपूर उंची आहे. आता वळते आहे, ग्लायडर कलेल, घाबरू नकोस." मास्तर असं बोलत नाहीत, ते सगळं मनात करतात. माझी बायकोही उडताना तोंड मिटून असायची म्हणे.

"सगळं मोठ्याने कशाला बोलतेस?" मी विचारलं.

"त्या शाळेच्या निवडीच्या वेळी शिकवलं. शेजारी बसलेल्याला आपण काय करतोय ते कळलं पाहिजे. कळलं ना?"

कळलं होतं. म्हणून तर मी ओरडलो नव्हतो.

मलाही वाटलं आपण मदत करावी. "ते बघ, डावीकडचं!" मी म्हणालो. "मोठं फाटक आहे, ट्रेलर सरळ आत येतो. मी आलोय तिथे."

मागून असं हसू आलं की ग्लायडर हललं असेल. "बाबा! फाटक बघून शेत निवडतोस? तिथे उतार आहे, थांबणारच नाही आपण. वर चढणारं शेत पाहिजे. ते बघ, कापणी झालेलं."

"त्याला फाटकच नाही."

"आपण फाटकातून येतोय का?"

हे मला सुचलं नव्हतं. दारातून आत शिरायचं, एवढंच मला आयुष्यभर माहीत.

झाडांचे शेंडे जवळ आले, मग बांध पायाखालून गेला. चाक टेकलं, एकदा उसळलं, खडखड करत आम्ही चढावर गेलो आणि थांबलो. एक पंख सावकाश झुकला आणि मातीवर टेकला. लाल धागा लोंबला. मी काचेला बोट लावलं, उगीचच.

लेकीने मास्तरांना फोन लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "नवख्या माणसाला घेऊन एवढं लांब? आणि फाटक कुठे आहे?" "फाटक नाही, मास्तर." पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. मी आजवर नेहमी वाटेवर असायचो. शेतात बसून वाट बघायची ही माझी पहिलीच वेळ. मी पोचायचो तेव्हा बायको ग्लायडरला टेकून बसलेली असायची, फार बोलायची नाही. मला वाटायचं, उशीर झाला म्हणून रागावली आहे. आता मीही तसाच टेकून बसलो होतो आणि मलाही बोलावंसं वाटत नव्हतं. ती रागावलेली नव्हती. ती अजून खाली आलेलीच नसायची.

"मग?" लेक म्हणाली. "आता तरी सांग."

"आई काय म्हणाली असती ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझं विचारशील तर, थांब असंच म्हणावंसं वाटतं. घर खायला उठेल."

ती मातीत काडीने रेघा मारत राहिली.

"पण तू जा. मास्तरांनी शिकवलेलं कुठे जात नाही, ते आज बघितलं मी. ते घेऊन जा. आणि ढगाच्या वर काय आहे ते समोरच्या खिडकीतून बघ. इथे राहून ते दिसणार नाही. आईलाही दिसलं नाही."

तिने काडी टाकली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. मला रडू आलं नाही. मी अजून वरच होतो.

मास्तर ट्रेलर घेऊन आले आणि बांधापलीकडच्या ओढ्याशी अडकले. पायीच चढून आले. आधी त्यांनी चाकाची खूण बघितली, मग शेताचा चढ बघितला, मग धुराकडे बघितलं. काही बोलले नाहीत. म्हणजे उतरणं त्यांना आवडलं होतं.

"काय ठरलं, सारथी?"

"जातेय ती."

मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "जा," ते तिला म्हणाले. "पण खोलीतल्या विमानात एकदा तरी विचार, हवा कुठून येतेय म्हणून. ते चक्रावतील."

"विचारीन," ती नाक पुसत म्हणाली.

आम्ही पंख काढले. ते ओढ्यापलीकडे हातांवर न्यावे लागले. मास्तर पुढे, मी मागे. ज्या ढगाखाली आम्ही फिरलो होतो तो आता लांब सरकला होता, आणि लांब गेल्यामुळे त्याचा माथा दिसू लागला होता. तो पांढराशुभ्र होता, उन्हात न्हालेला, आणि अजून वरवर फुलत चालला होता.

"सारथी, खाली बघा," मास्तर ओरडले. "ओढा आहे."

"बघतोय," मी म्हणालो, आणि पाण्यात पाय घातला.