परातीतले पाय

नवरा अचानक चांगला वागायला लागला की बाईनं आधी त्याचा शर्ट हुंगावा. मी हुंगला. लूमच्या तेलाचा वास होता, सुताच्या धुळीचा होता, दारूचा नव्हता. तरी माझी शंका गेली नाही.

माझा नवरा हरेश भिवंडीत, नारपोलीला पॉवरलूमवर फिटर आहे. पूर्वी प्यायचा. कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे पडले, तेव्हा शेजारची पुतळाबाई आम्हाला जीवन पास्टरच्या प्रार्थनेला घेऊन गेली. औषध चालू होतं आणि प्रार्थनाही. गुण कशानं आला देव जाणे, पण दारू सुटली. ते मी नाकारत नाही. म्हणून तर दर रविवारी जाते, मनापासून जाते. येशूवर माझा संशय नाही. त्याचं नाव घेऊन जो माणूस घरात शिरतो त्याच्यावर आहे.

कारण दारू सुटली आणि बायबलातलं वचन लागलं. नवरा बायकोचं मस्तक आहे, तिनं त्याच्या अधीन राहावं. भाजी खारट झाली की मस्तक. मी माहेरी अकलोलीला जाते म्हटलं की मस्तक. शेवटी मी ते पान स्वतः उघडून वाचलं. बायकांना जे सांगितलंय ते थोडक्यात उरकलंय. नवऱ्यांना सांगितलंय ते लांबलचक आहे. बायकोवर स्वतःच्या अंगासारखी माया कर, ख्रिस्तानं आपल्या भक्तमंडळीसाठी जीव दिला तसा तिच्यासाठी द्यायची तयारी ठेव. आणि या सगळ्याच्या आधी, एकमेकांच्या अधीन राहा असंही आहे. आमच्या प्रार्थनेच्या खोलीतल्या पुरुषांना आमचा धडा तोंडपाठ. स्वतःचा धडा कुणी उघडतच नाही.

मी जवळच्या कोन गावातल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. तिथं मला लाइनची सुपरवायझर करायचं ठरलं, सोमवारपासून. बारावी नापास बाईच्या हाताखाली ग्रॅज्युएट पोरं. घरी येऊन सांगितलं तर हरेश ताट ओढून जेवायला बसला. भांडला असता तर मी शांत झोपले असते.

दुसऱ्या दिवसापासून तो नळाचं पाणी भरायला लागला. बोंबील साफ करून द्यायला लागला. माझी सासू, गुणाबाई, ओट्याकडं बघून म्हणाली, "आज बोंबील धुतंस, उद्या तिचं लुगडं धुशील." तो हसला. आईला उलटून बोलला नाही, माझ्यावर खेकसला नाही. तिथंच माझी शंका पक्की झाली.

त्याचा मोबाइल बघितला. दुसरी बाई नव्हती. कपाटातला डबा उघडला. माझं गंठण जागेवर होतं. मग हा माणूस वाकतोय कशासाठी? आमच्यात पुरुष उगाच वाकत नाही.

उत्तर भाजीबाजारात मिळालं. पास्टरची बायको रीमाताई भेटली. येत्या रविवारी नवरा-बायकोंची सभा आहे, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे नवरे बायकांचे पाय धुणार आहेत, आणि पहिला मान हरेशभाऊंनी स्वतः मागून घेतलाय, असं ती कौतुकानं सांगत होती. पुढं म्हणाली, तुम्ही घरासाठी आनंदानं नोकरी सोडताय ना, भाऊंनी पुरुषांच्या प्रार्थनेत सांगितलं, ती साक्ष तुम्ही त्याच वेळी द्या.

माझ्या हातात कोथिंबीर होती. तिची देठं चुरगळली. रविवारी भेटू म्हणून मी निघाले.

हरेशचा बेत मला आरशासारखा लख्ख दिसला. घरात विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण भरल्या खोलीत नवरा पाय धरून बसलाय, अशा वेळी नाही म्हणणारी बाई कोण? पायाशी बसलेल्याला लाथ मारणारी. शाबास रे मस्तका. मीही घरी एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर म्हणाला असता, मी असं बोललोच नाही.

रविवार आला. आमची प्रार्थनेची खोली लूमच्या वर आहे. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे खाली खडखडाट चालूच होता. मला मधे खुर्चीवर बसवलं. हरेशनं घरून परात आणली होती, आणि ती बघून मला जवळजवळ हसू आलं. पितळेची परात, माझ्या माहेरची. आमच्या लग्नात याच परातीत माझ्या बापानं, लडकूनं, हरेशचे पाय धुतले होते. आणि आमच्या रीतीप्रमाणे जावई रुसला होता. मोटारसायकल कबूल होईपर्यंत त्यानं परातीतून पाय काढले नव्हते. बाप वाकलेलाच होता, पाठ दुखेपर्यंत.

ही रीत हरेश विसरला होता. मी नव्हते विसरले.

त्यानं कोमट पाणी ओतलं. पास्टर वचन वाचत होते. त्याचे हात हलके होते, टाचेच्या भेगांवरून जपून फिरत होते. क्षणभर वाटलं, काळं माझंच मन आहे. तेवढ्यात तो वर बघून म्हणाला, "आता सांग सगळ्यांना, आपलं काय ठरलंय ते."

"सांगते. आधी मागते."

बायका हसल्या. मी म्हटलं, "आमच्यात ज्याचे पाय धुतात तो मागतो. तुम्ही गाडी मागितली होती. ती कबूल होईपर्यंत पाय काढले नव्हते. मीही काढत नाही."

"भावना, नाटक करू नको," तो दात आवळून पुटपुटला. "इथं तसलं काही नसतं."

मागून पुतळाबाई बोलली, "आरं, पाय धुवाला बसलास न् रीत ठावी न्हाय? मागूं दे तिला."

मग मी मागितलं. सोमवारी मी सुपरवायझर म्हणून ड्युटीवर जाणार आणि तुम्ही मला कोनला सोडायला येणार. आणि नोकरी सोडते असं मी कधीच बोलले नव्हते, हे इथं, सगळ्यांसमोर सांगायचं.

पास्टर गडबडले. ताई, हे घरी बसून बोला, म्हणाले. मी त्यांना विचारलं, "प्रभूनं पाय धुतले तेव्हा बदल्यात काय मागितलं होतं?"

त्यांनी बायबल मिटलं. माणूस खोटा नाही. म्हणाले, "काही नाही. तुम्हीही एकमेकांचे धुवा, एवढंच सांगितलं."

"मग मीही यांचे धुईन. आधी कबूल होऊ दे."

पाणी गार होत होतं. हरेशच्या मानेवर घाम आला होता. मला माझ्या बापाची पाठ आठवत होती आणि मला दया येत नव्हती.

"ती नव्हती बोलली," तो परातीत बघून म्हणाला. "मीच बोललो."

"मोठ्यानं," पुतळाबाई म्हणाली. "मांडवाला आयकाला आला पायजे."

तो पुन्हा बोलला, लूमच्या आवाजावर आवाज चढवून. आणि सोमवारी कोनला सोडायला येतो, म्हणाला. मी पाय काढले. मग त्याला खुर्चीवर बसवलं, ताजं पाणी घेतलं आणि त्याचे पाय धुतले, शब्द दिला होता म्हणून. त्यानं काही मागितलं नाही. मागायचं मनात होतं का, ते त्याच्या तोंडावरून कळेना.

सोमवारी त्यानं मला गोडाऊनच्या गेटवर सोडलं. जाताना म्हणाला, संध्याकाळी घ्यायला येतो. मी मान हलवली, आत गेले आणि वॉचमनच्या केबिनआड उभी राहून बघितलं. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानापाशी गाडी हळू झाली. थांबली नाही. नारपोलीकडं वळली.

उद्याही बघणार आहे.