तरंगलेला थेंब

भर मीटिंगमध्ये बोलून गेली, तेच मायाच्या अंगाशी आलं.

भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीत भीमजयंतीच्या आदल्या रविवारी रक्तदान शिबीर भरतं. रक्त पुरुष द्यायचे, चहा-बिस्किटं बायका वाटायच्या. यंदाही मंडळाचा अध्यक्ष रमाकांत म्हणाला, "बिस्किटांचं नेहमीसारखं वहिनी बघतील." त्यावर महिला मंडळाची माया उठून उभी राहिली. "यंदा बिस्किटं तुम्ही वाटा. रक्त बायका देतील!" टाळ्या पडल्या. रमाकांतनेही वाजवल्या.

रविवारी मांडवात बायका पांढऱ्या साड्या नेसून ओळीत उभ्या राहिल्या. टेबलाशी रक्तपेढीची मुलगी बसली होती. बोटाला सुई टोचायची, थेंब समोरच्या निळ्या पाण्यात सोडायचा. तळाला गेला की पास. वर तरंगला की रक्त कमी, घरी जा.

पहिली मेघना. कोपऱ्यातल्या खोलीतली, धडधाकट बाई. थेंब तरंगला. तिच्या मागचीचा तरंगला. तिच्याही मागचीचा तरंगला.

"वहिनी," ट्रे घेऊन उभा असलेला रमाकांत म्हणाला, "आमचा चहा थंड झाला हो. गिऱ्हाईकच नाही."

"जीभ आवर जरा." माया टेबलाकडे वळली. "अगं, हे पाणी शिळं असेल."

मुलीने पाणी बदललं. तेवढ्यात चहा वाटायला उभ्या पुरुषांतून मायाच्या मुलाने, विकासने, बोट पुढे केलं. थेंब सरळ खाली गेला.

"बघ आई, गोटीसारखा गेला!"

पुरुष हसले. मायाने सुनेला पुढे ढकललं. प्रितीवर तिचा भरवसा होता. दादरला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, चार जिने चढून येते, कधी आजारपणाची सुट्टी नाही. प्रितीचा थेंब जरा बुडाला, घुटमळला आणि वर आला.

"ताई, चक्कर येते का?" मुलीने विचारलं.

"येते की. सगळ्यांनाच येते ना?"

रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. नापास झालेल्या एकेक करत ट्रेकडे गेल्या आणि सवयीने चहा वाटू लागल्या.

शेवटी मायाने स्वतःचं बोट दिलं. थेंब तळाला गेला. तिच्या जिवात जीव आला.

"मान गये, वहिनी!" रमाकांत ओरडला. "एक तरी निघाली!"

ती खाटेवर आडवी झाली. मुठीतला चेंडू दाबत राहिली. मागे तिलाही चक्कर यायची. पालिकेच्या दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणायची. त्या कधी बंद झाल्या? प्रिती घरात आली त्याच्या पुढच्या वर्षी. खोलीत कपाट, खाट, शिलाई मशीन. जेवायला जेमतेम तिघं मावतात. आधी कोंडीराम आणि विकास, म्हणजे नवरा आणि मुलगा, जेवायचे. मग टोपाच्या तळाशी उरेल त्यात माया. सून आल्यावर गुडघ्यांचं निमित्त झालं आणि ती पहिल्या पंगतीला बसू लागली. प्रिती वाढायची. सुनेच्या वाट्याचं तिने कधी हिसकावलं नव्हतं. फक्त आधी बसली होती.

दुपारी घरी मटण होतं. विकासने मांडी ठोकली. "वाढ गं प्रिती. चांगलं खायला सांगितलंय."

"ऊठ," माया म्हणाली. "प्रिती बसेल आधी."

"आई, रक्त मी दिलंय!"

"मीपण दिलंय. आपण दोघं थांबू."

कोंडीरामने पुढे ओढलेलं ताट तसंच धरलं. "मी?"

"तुम्ही बसा. तुमची साखर उतरते."

"बरं," म्हणून तो घाईने बसला.

"अहो आई, कशाला? त्यांना बसू द्या," प्रिती म्हणाली. "मला भूक नाही एवढी."

"बस म्हटलं ना."

मायाने टोपातून कलेजी काढली. दुधाचे दात होते तेव्हापासून ती विकासची. तिने ती प्रितीच्या ताटात घातली. प्रितीने ती हळूच कडेला सारली आणि भाताला हात घातला. पुढे काय होणार ते मायाला पाठ होतं. जेवण आटपलं की कलेजी कडेवरून उचलली जाणार, वाटीत झाकली जाणार आणि विकासच्या ताटात पडणार. तिने स्वतः जन्मभर हेच केलं होतं.

ती प्रितीसमोर फतकल मारून बसली. गुडघे कुरकुरले.

"ती खा. मी बघतेय."

विकास टोपात डोकावला. "आता मला काय उरलं?"

मायाने डाव त्याच्या हातात दिला. "ढवळून बघ. तळाला असतं काहीतरी."

प्रितीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि कलेजी खाल्ली, चोरून खावी तशी, भराभर.