अर्धे शिकवणारा चष्मा

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी कुणी माझ्याशी मैत्री केल्याचे मला आठवत नाही. नाकावर बसणारा चष्मा मी नव्हे. मी डोळे पूर्ण झाकतो आणि समोर नसलेले जग दाखवतो. बेशुद्ध रुग्णाच्या घशात श्वासाची नळी कशी घालायची, हे होऊ घातलेल्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी मला बनवले गेले.

वैद्यकीय महाविद्यालयात मी आलो, तेव्हा विभागप्रमुखांनी मला हातात धरून फोटो काढून घेतले. पाहुणे आले की माझे कौतुक. ते गेले की मुले मला घामट कपाळावर चढवत आणि काम झाले की टेबलावर आपटत. माझी भिंगे पुसली असती, तर त्यांचे हात झिजले असते!

भूल देणाऱ्या मॅडम माझा उघड द्वेष करत. माझ्याआधी हे काम मॅडम एका रबरी पुतळ्यावर शिकवत; त्याच्या घशात पेज ओतून, मुलांचे मनगट धरून, ओरडून. प्रमुखांनी त्यांचा तास बंद केला.

"आता यंत्र आलंय, मॅडम. तुम्ही कशाला घसा कोरडा करता?"

"या डबड्याला उलटी होते का?" मॅडमनी विचारले. "मग ते काय डोंबल शिकवणार!"

मला राग आला. पण त्यांचे खरे होते. माझ्यातला घसा नेहमी स्वच्छ असे आणि नळी कुठे घालायची ते हिरवा बाण दाखवी. या खेळात एक मुलगी कायम पहिली यायची. सगळे तिला टॉपर म्हणत.

एके सकाळी पोटदुखीने कळवळणारा एक शिंपी तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी आला. भूल चढताच त्याला उलटी झाली आणि घसा भरला. टॉपर नळी धरून थिजली.

"काहीच दिसत नाहीये, मॅडम!"

"हो बाजूला!" मॅडमनी तिला ढकलले, घसा साफ केला आणि नळी घातली. शिंप्याचे निळे पडलेले ओठ हळूहळू पूर्ववत झाले.

हे सारे मी चौकशीत ऐकले. मला आरोपीसारखे टेबलावर मांडले होते.

"या यंत्रानंच पोरांची वाट लावली," प्रमुख म्हणाले.

"मी बाण शोधत होते, सर," टॉपर रडत म्हणाली.

तेव्हा मॅडमनी मला पहिल्यांदाच डोळ्यांवर चढवले. सगळा धडा पुरा केला आणि मला उतरवले.

"हे खोटं नाही. अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी शिकवत होते. तो तास तुम्ही बंद केलात."

"विषय संपला," प्रमुख म्हणाले.

मी कपाटात गेलो. मॅडमनी नोकरी सोडली. टॉपर त्यांच्यामागोमाग दुसऱ्या रुग्णालयात गेली, पुन्हा पहिल्यापासून शिकायला. इकडे माझ्याहून महागडा चष्मा आला. त्याच्यासोबतही फोटो निघाले.

मला पुसू नका, माझी कीव करू नका. स्वतःची काळजी घ्या. उद्या तुमच्या घशात नळी घालायला कुणी आले, तर त्याला विचारा, "शिकताना तुझ्यावर कोण ओरडायचं?" त्याला एकाही माणसाचे नाव सांगता आले नाही, तर मित्रांनो, तोंड उघडू नका.