माएलची पहिली वाईन

"मावशी, आधी कालव की आधी वाईन?" माएलने विचारलं.

"आधी कालव. तुझ्या बापाला हे सांगावं लागत नव्हतं," योलांद म्हणाली. तिने सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घातलं, मनगट वळवलं, झाकण बाजूला झालं.

एकतीस वर्षं ती दर रविवारी चर्चसमोर कालवं फोडत होती. प्रार्थना आटोपली की मंडळी तिच्या टेबलाशी यायची, उभ्याउभ्याच सहा कालवं खायची आणि वर एक पेला मुस्कादे, इथली हलकी पांढरी वाईन, घ्यायची. मुस्कादे माएलच्या बापाची, बर्त्राँचीच. दुसऱ्या कुणाची बाटली त्या टेबलावर कधी चढली नाही. गेल्या उन्हाळ्यात बर्त्राँ गेला. त्याची ही मुलगी बर्गंडीतली नोकरी सोडून आली, एकटीने तिने द्राक्षं उतरवली. वाईन जमली नाही तर वेली विकून परत जाईन, असं तिने गावभर सांगितलंही होतं.

म्हणजे योलांदने नुसतं 'छान' म्हटलं असतं तरी पोरगी गावात राहिली असती.

तिने कालव खाल्लं, शिंपल्यातलं खारं पाणी प्यायलं आणि माएलच्या वाईनचा घोट घेतला. घोट भरदार होता, गोडसर वासाचा. पण पाठोपाठ कालवाची चव पितळेसारखी झाली.

"लाकडाच्या पिंपात ठेवलीस?"

"नव्याकोऱ्या ओकच्या. पप्पांच्या त्या जमिनीतल्या सिमेंटच्या टाक्या... म्हटलं, जरा भारदस्त होईल."

"बघू, बघू," म्हणत निवृत्त पोस्टमन अर्सेनने पेला उचलला. "अगं पोरी, ही प्यायची की रंधा मारायचा हिला?"

मंडळी हसली. माएलही हसली, पण तिचे कान लाल झाले.

"तू गप रे," योलांद त्याच्यावर खेकसली. मग माएलकडे वळली. "वाईन वाईट नाही. पण कालवांबरोबर नाही चालणार. या टेबलावर मी ती ठेवणार नाही."

माएलने बुचं परत बसवली. एक, दोन, तीन. "बरं झालं, स्पष्ट सांगितलंत," ती म्हणाली आणि खोकं उचलायला वाकली.

योलांदने सुरी खाली ठेवली. पण शब्द काही तिने मागे घेतला नाही.

"जेवायला ये. बाटली घेऊन ये. ब्रोशे मासा आहे."

"कालच तर त्याच्या मासेमारीवरची बंदी उठली!"

"म्हणून तर. या अर्सेनला वर्षातून एकदाच अक्कल सुचते, गळ टाकायची."

"आणि मला जेवायला कोण बोलावणार?" अर्सेन म्हणाला.

दुपारी योलांदने बारीक चिरलेला कांदा व्हिनेगरमध्ये आटवला आणि मंद आचेवर लोण्याचे गार तुकडे एकेक करून घोटले. माएल दाराशी उभी होती, कोट न काढता. लुआर नदीतला तो काटेरी मासा पांढऱ्या सॉसमध्ये बुडून टेबलावर आला, तेव्हा ती बसली. बाटली योलांदनेच उघडली.

एक घास, एक घोट. लोण्याने लाकडाला पोटात घेतलं होतं. माएलने योलांदकडे पाहिलं, मग पुन्हा एक घोट घेऊन पाहिलं.

"मावशी..."

"काटे बघून खा."

"पुढच्या वर्षी अर्धी टाकीत, अर्धी पिंपात केली तर?"

पुढच्या वर्षी. योलांदने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं दाखवलं. "टाकीतली माझी. पिंपातलीचं तू बघ. लोणी खाणारी माणसं काही कमी नाहीत आपल्याकडे."

थोड्या वेळाने माएलने हळूच विचारलं, "ही पिऊन पप्पा काय म्हणाले असते?"

"तो कशाला बोलतोय! लाकडाच्या नावाने नाक मुरडलं असतं आणि पावाने बशी पुसून काढली असती."

माएल खाली बघून बशी पुसू लागली, कडेपर्यंत. योलांदने पावाचा आणखी एक जाड तुकडा कापला आणि तिच्यापुढे सरकवला.